वांद्रे ते जामखेड, व्हाया हरेगाव: आई, मावशी आणि प्रार्थना

बुधवार, वांद्रे

प्लॅन खरं तर फक्त श्रीरामपूरजवळच्या हरेगावचा होता. मावशीने आईच्या ऑपरेशनच्या वेळी तिथल्या मतमाउलीला, म्हणजे मरियेला, नवस बोलला होता आणि आता आईची केमो संपून रिपोर्ट बरे आल्यावर तो फेडायचा होता. आता आम्ही प्रोटेस्टंट लोक, आमच्यात मरियेला नवस-बिवस काही नसतो, पण मावशीला हे सांगून उपयोग नसतो. ती सकाळी आमच्या मंडळीत, संध्याकाळी कुठल्यातरी हीलिंग फेलोशिपमध्ये आणि मधल्या वेळात कॅथलिक शेजारणीबरोबर रोझरीला. आई याच्या बरोब्बर उलट, आयुष्यभर मिशन हॉस्पिटलमध्ये सिस्टर होती, तिला चमत्कार म्हटलं की आधी केस पेपर बघायचा असतो. ती म्हणाली नुसतं नवस फेडायला मी नाही येणार, वाटेत मला केडगावचं रमाबाईंचं मिशन आणि जामखेडचं आरोळे डॉक्टरांचं काम दाखवणार असाल तर येते. झालं, ठरलं.

मावशी पुण्याहून आदल्या दिवशीच मुंबईला आली होती, कारण माउंट मेरीची जत्रा चालू होती आणि ती चुकवायची नव्हती. त्यात गणपतीचे दिवस, त्यात बुधवार म्हणजे माहीमला सेंट मायकल्समध्ये नोव्हेना, म्हणजे मरियेची ठराविक प्रार्थना, १९४८ पासून दर बुधवारी चालू आहे ती, त्यामुळे ट्रॅफिकचं काय विचारता. शेवटी रिक्षा लांबच सोडली आणि चढ चढत गेलो.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मेणाच्या वस्तूंचे स्टॉल. हात, पाय, डोळा, हृदय, बाळ, घर, आणि हल्ली विमान आणि पासपोर्ट पण मिळतो. ज्याचं जे दुखतंय किंवा ज्याला जे पाहिजे ते घ्यायचं आणि आत वाहायचं. रांगेत आमच्या पुढे कोळणी होत्या, मागे एक गुजराती कुटुंब, आणि सगळ्यांच्या हातात तेच मेण. कोळी लोकांचा या माउलीवर पहिला हक्क आहे असं म्हणायला हरकत नाही, कारण समुद्रात तरंगणारी मूर्ती कोळ्यालाच सापडली अशी गोष्ट इथे सांगतात. आत्ताचं चर्च १९०४ चं आहे.

मावशीने छातीच्या आकाराचं काही मिळतं का असं विचारलं, स्टॉलवाली जराही न लाजता म्हणाली, आहे ना, पूर्ण बॉडी घ्या. आई बाजूला उभी राहून हसत होती. मला वाटलं ती काहीतरी खवचट बोलणार, पण तिने स्टॉलवरचा एक पाय उचलून बघितला आणि म्हणाली, "डावा आहे. लोकांनी डावा-उजवा बघून घेतला पाहिजे." मग खाली येऊन भेळ खाल्ली.

गुरुवार, केडगाव

पहाटे निघालो. गाडी भाड्याची, ड्रायव्हर नगरकडचे, त्यांना आम्ही दादा म्हणत होतो. पुण्यापुढे सोलापूर रोडला साठेक किलोमीटरवर चौफुला लागतो, चौफुला म्हटलं की लोकांना आधी लावणीच आठवते, पण तिथून आत वळलं की केडगाव आणि पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन.

रमाबाईंबद्दल शाळेत जेवढं शिकवतात ते विधवांसाठी शारदा सदन काढलं इथे संपतं. सदन १८८९ ला मुंबईत निघालं आणि पुढच्याच वर्षी पुण्याला हललं. पुढे दुष्काळात त्यांनी शेकडो मुली गोळा करून केडगावला आणल्या. पण आईला रमाबाईंची वेगळीच गोष्ट आवडते, आणि ती तिने गाडीतच आम्हाला ऐकवली होती. रमाबाईंना डॉक्टर व्हायचं होतं. १८८२ साली शिक्षणाच्या हंटर कमिशनपुढे त्यांनी ठणकावून सांगितलं की या देशात बायकांना बाई डॉक्टर पाहिजेत, बायका पुरुषाला दाखवत नाहीत आणि तशाच मरतात. पुढच्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या त्या मेडिसिन शिकायलाच, पण ऐकू कमी येत होतं म्हणून तो रस्ता बंद झाला. तिथेच १८८३ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता याच बाईंच्या आवारात १९०५ मध्ये काय झालं बघा. जानेवारीपासून मुली रोज जमून प्रार्थना करत होत्या, आधी थोड्या, मग शेकड्यांनी. जूनच्या शेवटी एकदम संजीवन, म्हणजे श्रद्धेची लाट, पेटलं. मुली रडतायत, पापं कबूल करतायत, अंगात आग पेटल्यासारखं होतंय म्हणून सांगतायत, पुढे अन्य भाषांत, म्हणजे न शिकलेल्या भाषांत, बोलण्याच्या गोष्टी पण आल्या. अमेरिकेत लॉस एंजेलिसला अझूसा स्ट्रीटवर जे झालं, ज्याला जगभरचे पेंटेकॉस्टल, म्हणजे अन्य भाषा आणि हीलिंगवर भर देणारे ख्रिस्ती लोक, आपली सुरुवात मानतात, ते १९०६ चं, म्हणजे आमच्या केडगावच्या नंतरचं! इथल्या मिशनरी मिनी एब्रम्स यांनी यावर एक पुस्तिका लिहिली, ती थेट चिली देशात पोचली आणि तिथे १९०९ ला पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली. दौंड तालुक्यातून चिली. यावर कुणी सिरियल काढत नाही याचं मला नवल वाटतं.

मावशी हे ऐकून एकदम खूश, कारण तिच्या फेलोशिपमध्ये जे चालतं त्याचं मूळ हेच. "बघ ताई, पवित्र आत्म्याचा अभिषेक इथूनच गेला सगळीकडे." आई म्हणाली, "हो, आणि एवढं होऊन रमाबाईंचे कान काही बरे झाले नाहीत. त्यांनी त्याचा बाऊ पण नाही केला, हिब्रू शिकल्या, ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल मराठीत करत बसल्या." मावशी गप्प. मग जरा वेळाने, "पण त्यांचा विश्वास काय कमी होता का?" आई म्हणाली तेच म्हणतेय मी, बेबी.

आवार मोठं आणि शांत आहे, झाडं भरपूर. चर्च एवढं मोठं की रिकामं असलं की आपला आवाज आपल्यालाच परत येतो. आंधळ्या मुलींसाठी, म्हाताऱ्यांसाठी, टाकून दिलेल्या बाळांसाठी वेगवेगळी घरं, ज्याला ते सदन म्हणतात. बायबलचं भाषांतर तर रमाबाईंचं होतंच, पण छपाईसुद्धा इथल्या बायकांनीच केली. शेवटची प्रुफं तपासायची राहिली होती तेव्हा रमाबाई आजारी होत्या आणि त्यांनी देवाकडे काम पुरं होईपर्यंतचे थोडे दिवस मागितले असं सांगतात, काम संपलं आणि ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या. मुलगी मनोरमा आदल्याच वर्षी गेली होती. मी तिथे उभी राहून हाच विचार करत होते की बरं कर असं न म्हणता एवढं संपवू दे असंही मागता येतं.

शुक्रवार, नगर

दौंड, काष्टी करत नगरला. आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी नगरच येणार. आईच्या चुलत बहिणीकडे उतरलो, म्हणजे माझी अजून एक मावशी, तिला आम्ही नगरची मावशी म्हणतो. दिवसभर पावसाने बाहेर पडता आलं नाही. संध्याकाळी तिच्या घरी उपास-प्रार्थना होती आणि या ट्रिपमधला सगळ्यात लक्षात राहणारा प्रकार म्हणजे हाच, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

ज्यांनी अशी प्रार्थना बघितली नाही त्यांच्यासाठी. हॉलमधला सोफा बाहेर, सतरंजी आत. बायका जास्त, पुरुष तीन-चार भिंतीला टेकून. पेटी, ढोलकी, टाळ. नारायण वामन टिळकांचं भजन सुरू झालं. टिळक इथेच नगर-राहुरीकडे राहिलेले, अभंगाच्या चालीत ख्रिस्त गाणारे, त्यामुळे बाहेरून जाणाऱ्याला वाटावं आत कुणीतरी वारकरी बसलेत. मग वचन, मग साक्षी, मग विनंत्या. एका ताईंकडे शंभर पानी वही होती, त्यात नावं. त्या वाचत जातात: अमक्याची शुगर, तमकीचं गर्भाशयाचं ऑपरेशन, नातवाची दहावी, जावयाची दारू, कुणाचं सोसायटीचं कर्ज. आजार आणि कर्ज एकाच वहीत, एकाच आवाजात. मग सगळे एकदम मोठ्याने प्रार्थना करायला लागतात, प्रत्येकाची वेगळी, आणि तो आवाज असा वाढत जातो की पहिल्यांदा ऐकणारा घाबरेल.

आईला मधे बसवलं. पाळक साहेबांनी डोक्याला तेल लावलं, वाटीतलं साधं खोबरेल. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात लिहिलंय की कुणी आजारी असेल तर मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलवा, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, त्यातलंच हे. कॅथलिकांकडे हाच विधी फादर करतात, फक्त तिकडे तेल बिशपांनी आशीर्वाद दिलेलं असतं. आईने मुकाट्याने तेल लावून घेतलं. मला वाटलं होतं ती कंटाळेल, पण ती डोळे मिटून बसली आणि तिचे खांदे खाली आले, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच एवढे खाली बघितले मी.

सगळं छान चाललं असताना एक बाहेरगावचे ब्रदर बोलायला उठले. आवाज चांगला, माणूस वाईट नव्हता असं मी अजूनही म्हणेन. पण ते म्हणाले, आजार हा अविश्वासामुळे टिकतो, पूर्ण विश्वास असेल तर गोळीची गरज पडत नाही, गोळी घेणं म्हणजे देवाच्या हातातून काम काढून घेणं. आणि दोन-चार जणींनी आमेन म्हटलं.

आई उठली. तेल कपाळावर चमकतंय, गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू उठली आणि म्हणाली, "भाऊ, मी बोलू का?" नगरची मावशी डोळ्यांनी नको नको करत होती. पण आई म्हणजे आई. तिने एक केस सांगितली, नाव-गाव न घेता. फिट्स येणारी मुलगी, गोळ्यांवर व्यवस्थित होती, कुठल्यातरी मीटिंगमध्ये बरी झालीस म्हणून घोषणा झाली, आईबापांनी गोळ्या बंद केल्या. आठवड्याच्या आत स्टेटसमध्ये आमच्या वॉर्डात आली. म्हणजे फिट थांबतच नाही, एकावर एक. "ती वाचली," आई म्हणाली, "पण मला तिच्यापेक्षा तिचा बाप जास्त आठवतो. तो मला विचारत होता, सिस्टर, माझा विश्वास कुठे कमी पडला? पोरगी आयसीयूत आहे आणि हा माणूस स्वतःची झडती घेतोय. हे त्याच्या डोक्यात कुणी घातलं?"

शांतता. ढोलकीवाला पोरगा पायाकडे बघत बसला.

मग तिने मार्कच्या शुभवर्तमानातली ती गोष्ट काढली, चौघे जण पक्षाघाती माणसाला बाजेवर घालून आणतात आणि गर्दीमुळे छप्पर उकलून खाली सोडतात. "येशूने कुणाचा विश्वास बघितला? त्यांचा, असं लिहिलंय. आणणाऱ्यांचा. बाजेवरच्याने एक शब्द काढलेला नाही. आजारी माणसाकडून विश्वासाची परीक्षा घेऊ नका हो, त्याला आधीच खूप टेस्ट असतात. तुम्ही बाज धरा." आणि खाली बसली.

ब्रदर म्हणाले बरोबर आहे सिस्टर, पण आणि त्या पणनंतर अजून पाच मिनिटं बोलले. त्यांचं मत काही बदललं नाही. पण पोहे वाटताना दोन बायका आईजवळ येऊन हळूच विचारून गेल्या, बीपीची गोळी उपासाच्या दिवशी घ्यायची का. घ्यायची, असं तिने दोघींना सांगितलं. आणि तिसरी आमची मावशीच निघाली! तिने सकाळपासून शुगरची गोळी घेतली नव्हती, उपास म्हणून. आई यावर जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. खरं तर उपास आणि शुगरची गोळी हे डॉक्टरला विचारूनच ठरवावं लागतं, नुसती गोळी घेऊन उपाशी राहिलं तर शुगर एकदम खाली येते, म्हणून मावशीला आधी खायला घातलं. झोपताना दोघी बहिणी बराच वेळ खुसपुसत होत्या, आईला केमोच्या वेळी कुणीतरी सेम हेच म्हटलं होतं म्हणे, तुझ्या विश्वासात काहीतरी खोट आहे. मला तिने हे कधीच सांगितलं नव्हतं.

शनिवार, हरेगाव

राहुरी, श्रीरामपूर करत हरेगाव. ऊस, ऊस आणि मध्येच बेलापूर कंपनीच्या बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या खुणा. गाडी गावाच्या बऱ्याच अलीकडे लावून चालावं लागलं.

गर्दी कसली, नुसता लोंढा. टेम्पो भरभरून लोक, पायी आलेल्या दिंड्या, पुढे क्रूस आणि मरियेची पालखीसारखी सजवलेली गाडी, मागे लाउडस्पीकर. पाळणे, गोडीशेव, रेवड्या, बांगड्या, मेणबत्त्यांचे ढीग. नगर, नाशिक, संभाजीनगर, मराठवाड्याकडून माणसं आलेली, आणि त्यातले किती ख्रिस्ती नि किती नाही हे विचारायची इथे पद्धतच नाही. बायका कुंकू लावून रांगेत आणि गळ्यात रोझरी, दोन्ही एकदम.

मला खरी गंमत दादांची वाटली. तीन दिवस आमच्या बायबलच्या गप्पा निमूट ऐकणारा माणूस, इथे आल्यावर म्हणाला, "ताई, माझंपण आहे थोडं काम आत." मग कळलं, त्यांची मुलगी सातव्या महिन्यात झाली होती, बरेच दिवस काचेच्या पेटीत होती, तेव्हा त्यांच्या बायकोने इथे बोलून ठेवलं होतं. मोहट्याच्या देवीलाही बोलून ठेवलं होतं, तिकडचं फेडून झालं होतं. मी विचारलं मग कुणी बरं केलं? ते म्हणाले, "डॉक्टरनी ताई. पण तेव्हा हॉस्पिटलबाहेर बसून आपण काय करणार? काहीतरी करायला पाहिजे ना माणसाला."

रांगेत चार तास गेले. मावशी सगळा वेळ उभी, गुडघे दुखतात तरी बसली नाही. आत पोचल्यावर तिने मेणबत्ती लावली, हार दिला आणि मोठ्याने रडली, म्हणजे अगदी हुंदके देऊन. आई बाहेर बाकड्यावर थांबणार होती, तसं ठरलं होतं, पण बघते तर ती पण आत, मावशीच्या मागे, तिच्या पाठीवर हात ठेवून. मेणबत्ती मात्र तिने नाही लावली. मी विचारलं तर म्हणाली नवस तिचा होता, पण तो माझ्यासाठी होता ना, मी नाही गेले तर बरं दिसतं का.

परतताना मावशीने विषय काढलाच: बारा वर्षं रक्तस्राव होणारी बाई, जिने येशूच्या वस्त्राला हात लावला. मार्क लिहितो की तिने डॉक्टरांपायी सगळा पैसा घालवला आणि ती उलट जास्तच बिघडली. "बघ, बायबलमध्येच आहे!" आई म्हणाली, "लूकचं वाच. तो स्वतः डॉक्टर, त्याने ते बिघडलीचं वाक्य गाळलंय. आपल्या लोकांची बाजू सांभाळली त्याने." दादा एवढे हसले की गाडी खड्ड्यात गेली.

रविवार, नगर ते जामखेड

सकाळी उपासना, प्रभुभोजन, नंतर चहा आणि सगळ्यांचे हस्तांदोलन, या प्रकाराला एक तास जादा धरावा. मध्यस्थीच्या प्रार्थनेत आजाऱ्यांची यादी वाचली त्यात आईचं नाव अजून होतं. ती म्हणाली आता काढा की, मी बरी आहे. नगरची मावशी म्हणाली राहू दे, एकदा यादीत आलं की लवकर निघत नाही.

दुपारी कडा, आष्टी करत जामखेडला पोचलो. रस्ता मधेमधे फार वाईट आहे.

सोमवार, जामखेड

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे, दोघं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे, १९७० मध्ये इथे आले. त्या वेळचं जामखेड म्हणजे दुष्काळ, कुष्ठरोग, आणि १९७१ मध्ये जन्मलेल्या हजार बाळांमागे १७६ वर्षाच्या आत जायची. डॉक्टरने दवाखान्यात बसून हे थांबणार नाही हे त्यांच्या लवकर लक्षात आलं, म्हणून त्यांनी गावातल्याच बायका निवडल्या, बऱ्याचशा दलित, कित्येक निरक्षर, आणि त्यांना आरोग्यसेविका केलं. बाळंतपण, हगवणीला मीठ-साखर-पाणी, लसी, कुष्ठरोगाचा डाग ओळखणं. पुरुषांना जमवायला व्हॉलीबॉल सुरू केलं, खेळून झालं की गप्पा, गप्पांतून पाण्याचा पंप कुणाच्या वस्तीत बसणार हा विषय. पाच-सहा वर्षांत बालमृत्यू हजारी पन्नासच्या आसपास आले. जागतिक आरोग्य संघटनेने याचा अभ्यास केला, १९७९ ला दोघांना मॅगसेसे मिळालं.

आई इथे वेगळीच झाली, प्रत्येक खोलीत डोकावून, प्रत्येकाला प्रश्न. कृत्रिम पाय बनवायचं वर्कशॉप आहे तिथे ती सगळ्यात जास्त थांबली. मला वांद्र्याचा मेणाचा पाय आठवला, मी काही बोलले नाही, पण मावशीच म्हणाली, "ताई, हा डावा का उजवा गं?"

एक जुन्या आरोग्यसेविका भेटल्या, आता खूप म्हाताऱ्या. पूर्वी गोवर आला की देवीचा कोप म्हणून पोराला औषध द्यायचे नाहीत, पाणीसुद्धा तोडायचे. "मग तुम्ही काय करायचात?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, देवीला नाही म्हटलं असतं तर घरात कुणी घेतलं नसतं मला. मी बाईबरोबर आधी देवीला हात जोडायची, मग म्हणायची आता पोराला पाणी पाज, देवीला पण आवडंल. मावशीने लगेच आईकडे बघितलं, म्हणजे बघ, असं. आई म्हणाली बघितलं, बघितलं.

दुपारी जेवून निघालो. हरेगावला जाणार असाल तर यात्रेच्या दिवशी सकाळी सातच्या आत पोचा, छत्री आणि पाणी घ्या, मोबाईलला रेंज मिळत नाही त्यामुळे हरवलात तर कुठे भेटायचं हे आधी ठरवा, आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर त्याच्या गोळ्या वेगळ्या पिशवीत न ठेवता त्याच्याच खिशात ठेवा, कारण आमची पिशवी गाडीत राहिली होती आणि गाडी दोन किलोमीटर मागे. केडगाव आणि जामखेड दोन्हीकडे आधी फोन करून परवानगी घेतलेली बरी, ती राहती घरं आहेत, कुणीही उठून आत शिरायची जागा नाही. मावशी पुढच्या वर्षी परत येणार म्हणतेय, या वेळी स्वतःच्या गुडघ्यांसाठी. आईने तिला ऑर्थोपेडिकची अपॉइंटमेंट घेऊन दिलीये, मंगळवारची.